शाळा बदलण्याआधी मैदानाच्या कडेला एक तास

गोव्यात फुटबॉलपटूने संघ बदलणे हा घरगुती गप्पांचा विषय असतो. आमच्या बाबांच्या पिढीत कोण धेंपोतून साळगावकरमध्ये गेला, कोणाला वास्कोने बोलावले, यावर जेवणाच्या पानावर वाद होत. धेंपो, साळगावकर, सेसा ही सगळी खाण उद्योगातली नावे. त्यामुळे तेव्हा संघ बदलणे म्हणजे पुष्कळदा नोकरी बदलणे असे. मुलगा चांगला खेळला की कंपनीत चिकटला आणि घर मार्गी लागले, असा सरळ हिशेब होता. आता तीच बदली खाली उतरत उतरत शाळेपर्यंत आली आहे. नववी-दहावीतल्या मुलाला दुसऱ्या शाळेकडून बोलावणे येते आणि सगळे घर हलते.

आमचे घर गेल्या वर्षी फेब्रुवारीत हलले. फोंडा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा रात्री साडेदहाला फोन आला.

"दादा, ह्याला मोठ्या शाळेने बोलावलंय. फी माफ, वसतिगृह फुकट, बूटसुद्धा तेच देणार म्हणे. ह्यांना कालपासून झोप नाही. तू ये आणि काय ते बघ."

माझ्याकडे हे काम आले, कारण घरात फुटबॉलचे थोडेफार कळणारा मी एकटा. कॉलेजपर्यंत खेळलो, पणजीत नोकरी करतो आणि रविवारी सकाळी गावातल्या मुलांना शिकवतो. त्यासाठी भारतीय फुटबॉल महासंघाचे सर्वांत खालच्या पायऱ्यांपैकी एक असलेले डी लायसन्स घेतले आहे. भाचा चौदा वर्षांचा, मधल्या फळीत खेळणारा, अंगाने बारीक. त्याची शाळा साधी, दहावीपर्यंतची. बोलावणारी शाळा किनाऱ्याकडची, उच्च माध्यमिक जोडलेली, प्रकाशझोताचे मैदान असलेली. तिचे नाव इथे देत नाही आणि त्याची गरजही नाही. असे बोलावणे कोणत्याही शाळेकडून येऊ शकते.

शाळा एवढी धडपड का करतात, हे आधी सांगायला हवे. शालेय फुटबॉलमधली मानाची स्पर्धा म्हणजे सुब्रतो कप. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने ही स्पर्धा १९६० साली सुरू झाली. तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत संघ राष्ट्रीय फेरीत जातो. आमच्याकडे तालुक्याच्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात होतात. घोट्यापर्यंत चिखल, बाद पद्धत, एक सामना हरला की वर्ष संपले. राज्यात जिंकलेल्या शाळेचा फोटो वर्तमानपत्रात येतो आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशांना तो उपयोगी पडतो. शिवाय खेळाडूला बोर्डाच्या परीक्षेत क्रीडागुण मिळतात, त्यामुळे पालकही कान टवकारतात. यात वाईट काही नाही. पण शाळेला यंदाचा जुलै जिंकायचा असतो आणि मुलाला पुढची दहा वर्षे खेळायचे असते. हे दोन हिशेब दर वेळी जुळतातच असे नाही.

मी बहिणीला म्हटले, "आधी दोन्हीकडचा सराव बघू. मग बोलू."

पहिल्यांदा भाच्याच्या शाळेत गेलो. मैदान उतारावर, गवत अर्धेच, मुले बावीस आणि चेंडू पाच. शारीरिक शिक्षणाचे सर एकटे. तेच कबड्डीला, तेच पंधरा ऑगस्टच्या संचलनाला, तेच स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मांडायला. त्यांनी मुलांचे चार-चारचे गट केले, छोटी मैदाने आखली आणि खेळ सुरू करून दिला. मी घड्याळ लावून दहा मिनिटे फक्त भाच्याकडे बघत बसलो. चेंडू त्याच्या पायाला सत्तेचाळीस वेळा लागला. त्याने एक पास चुकवला तेव्हा सरांनी खेळ थांबवला नाही. तो जवळून जाताना एवढेच विचारले, "मघाशी डावीकडे कोण मोकळा होता?" भाच्याने मान वळवून पाहिले. पुढच्या वेळी पास डावीकडे गेला.

मग मोठ्या शाळेत गेलो. खरे सांगतो, आत शिरताच छाती दडपली. सपाट हिरवे मैदान, रंगीत बनियनी, शंकू, शिड्या, पाण्याची वेगळी टाकी. मुख्य प्रशिक्षक माझ्यापेक्षा कितीतरी वरच्या लायसन्सचे. चाळीसेक मुले दोन रांगांत उभी होती. एकाने धावायचे, शंकूंमधून चेंडू न्यायचा, गोलात मारायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. भाच्याच्याच जागी खेळणारा एक मुलगा मी निवडला आणि पुन्हा दहा मिनिटे मोजली. अकरा स्पर्श. उरलेला वेळ तो पुढच्या मुलाच्या पाठीकडे बघत उभा होता. कोणी चुकला की प्रशिक्षक मैदानाच्या पलीकडून त्याच्या नावाने ओरडत. मुलगा खाली मान घालून परत रांगेत.

एवढ्यावर निकाल देणे बरोबर नव्हते, म्हणून पुढच्या आठवड्यात दोन्हीकडे पुन्हा गेलो. मोठ्या शाळेत त्या दिवशी पूर्ण मैदानावर सराव सामना होता आणि त्याचा दर्जा भाच्याच्या शाळेपेक्षा उघड उघड वरचा होता. पहिल्या स्पर्शात चेंडू थांबत होता, मुले एकमेकांना हाका मारत होती. गोलरक्षकांना शिकवणारा तरुण सहायक प्रशिक्षक इतका छान समजावत होता की मीच दोन गोष्टी शिकून आलो. भाच्याच्या शाळेत मात्र मैदान रिकामे होते. सर परीक्षेच्या कामाला जुंपले होते. चौकशी केली तेव्हा कळले की दोन आठवड्यांत तीन सराव असेच बुडाले.

म्हणजे एकीकडे शिकवणे चांगले पण भरवसा नाही, दुसरीकडे भरवसा आहे पण सरावाचा बराच वेळ रांगेत जातो. पालकांना बहुतेक वेळा असाच पेच पडतो. एक शाळा चांगली आणि एक वाईट, इतके सोपे उत्तर क्वचितच मिळते.

प्रशिक्षकाचा दर्जा कशावरून ओळखावा, यावर त्या रात्री मी आणि भावोजी बराच वेळ बोललो. लायसन्सला महत्त्व आहेच. मुलांच्या वाढत्या शरीराला किती ताण द्यावा, सराव कसा आखावा, हे त्यात शिकवतात. पण मैदानावर उतरल्यावर बाकीचेही बरेच मोजावे लागते. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपोने राष्ट्रीय पातळीवरची लीग पाच वेळा जिंकली. त्या संघातले महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स ही आपली गोव्याची मुले वर्षानुवर्षे एकत्र खेळत होती. एकच प्रशिक्षक, तेच सोबती. त्यातले क्लिफर्ड मिरांडा पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि २०२३ मध्ये त्यांच्या हाताखाली ओडिशा एफसीने सुपर कप जिंकला. चांगल्या हाताखाली बराच काळ राहिलेला खेळाडू नुसता खेळायला शिकत नाही, शिकवायलाही शिकतो. दर वर्षी शाळा बदलणाऱ्या मुलाला हे कुठून मिळणार?

दुसऱ्या फेरीत मोठ्या शाळेच्या कुंपणापाशी एक गृहस्थ भेटले होते. पेडण्याहून आलेले, हातात जेवणाचा डबा. त्यांचा मुलगा आदल्या वर्षी इथे आला होता.

"खेळतो का?" मी विचारले.

"सराव करतो," ते म्हणाले. "सामन्यात अकरावीची मुलं खेळतात. पुढच्या वर्षी बघू म्हणतात."

त्या एका वाक्याने मला हिशेब उलगडला. सुब्रतो कपच्या मुलांच्या वरच्या गटाची मर्यादा सतरा वर्षांखालची. उच्च माध्यमिक जोडलेल्या शाळेत अकरावीची, सोळा-सतराच्या उंबरठ्यावरची मुले असतात. त्यांच्या खांद्याला आमचा भाचा लागतो. त्यात त्याचा जन्म नोव्हेंबरचा. वयोगट १ जानेवारीपासून मोजला की जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच वर्षातल्या नोव्हेंबरच्या मुलाहून दहा महिने मोठा असतो. चौदाव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटे उंची आणि दुप्पट दम. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले वयोगटांच्या संघांत जास्त दिसतात, हे जगभर आढळलेले आहे. त्यात गुणांपेक्षा तारखेचा भाग मोठा. अशा मुलाला बाकावर बसवले की तो मागे पडत जातो आणि मग सगळे म्हणतात, बघा, याच्यात दम नव्हताच.

मी मुख्य प्रशिक्षकांना भेटलो. माणूस सरळ होता. मी विचारले, "याच्या जागी सध्या कोण आहे?" त्यांनी तीन मुलांची नावे घेतली. दोघे अकरावीत, एक दहावीत. "मग याला का बोलावता?" ते म्हणाले, "पुढची तयारी. आणि तो दुसऱ्या कुठल्या शाळेत जाण्यापेक्षा आमच्याकडे असलेला बरा." "जुलैत आठवड्याला किती सामने होतात?" या प्रश्नावर ते हसले. "सामने जितके जास्त तितका मुलगा लोकांच्या नजरेत येतो."

घरी आल्यावर बहिणीला मागच्या वर्षीचे कालनिर्णय काढायला लावले. दुधाचा हिशेब आणि सिलिंडरच्या तारखा असतात म्हणून ती जुने कालनिर्णय टाकून देत नाही. त्याच पानांवर भाचा आपले सामने लाल पेनाने लिहितो. जुलै आणि ऑगस्टची पाने उघडली आणि आम्ही तिघे गप्प झालो. शाळेचे सामने, क्लबच्या वयोगटाची लीग, वाड्याची स्पर्धा, शाळेतल्या गटांचे सामने. एका ठिकाणी शुक्रवार ते मंगळवार या पाच दिवसांत चार सामने, आणि बुधवारी गणिताची चाचणी. सराव धरून त्या आठवड्याचे तास मोजले तर एकोणीस भरले. क्रीडावैद्यकात एक साधा ठोकताळा सांगतात : मुलाचे वय जितकी वर्षे, आठवड्याला संघटित खेळाचे तास त्यापेक्षा जास्त नसावेत, आणि आठवड्यात एखाद-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी. आमचा मुलगा चौदाचा. यातला प्रत्येक आयोजक आपापल्या जागी शहाणाच होता. शाळेने आपले वेळापत्रक लावले, क्लबने आपले, वाड्याने आपले. सगळ्यांची बेरीज मात्र एकाच मुलाच्या गुडघ्यात होत होती.

गुडघा हा शब्द सहज आलेला नाही. चतुर्थीनंतर त्याला वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या टोकाशी दुखायला लागले होते. तिथे टेंगूळ आले होते आणि देवापुढे गुडघे टेकताना तो एका कुशीवर वळत असे. हाडांच्या डॉक्टरांनी त्याला ऑस्गुड-श्लाटर असे नाव सांगितले. हाड झपाट्याने वाढत असते, मांडीचा स्नायू त्याला वरून सारखा ओढत राहतो आणि धावणे-उड्या जास्त झाल्या की ती जागा सुजते. वाढ पूर्ण झाली की बहुतेक मुलांचे दुखणे थांबते, तोवर ताण कमी ठेवायचा. डॉक्टरांनी औषधापेक्षा वेळापत्रकावरच जास्त बोट ठेवले.

टेक्ससमध्ये राहणाऱ्या माझ्या चुलत भावाशी या काळात बोलणे झाले. तिथला शालेय फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा. पण शाळाबदलीची कटकट तीच. तिथे नव्या शाळेत खेळायचे तर जुनी आणि नवी अशा दोन्ही शाळांनी भरलेला अर्ज लागतो. केवळ खेळासाठी शाळा बदलली असे ठरले, तर मुलाला वर्षभर मुख्य संघातून खेळता येत नाही. आणि सामना आठवड्याला एक, बहुधा शुक्रवारी रात्री. भाऊ म्हणाला, "इथे लोक फुटबॉलसाठी वेडे आहेत, पण आठवड्यात दुसरा सामना ठेवायला कोणी धजत नाही." आपला खेळ तितका धक्काबुक्कीचा नाही हे खरे. तरी पाच दिवसांत चार सामने मोठ्या व्यावसायिक खेळाडूलाही कोणी खेळायला लावत नाही.

कागदपत्रांचेही पाहिले. शाळांच्या स्पर्धेत खेळायला मूल त्या शाळेचे खरेखुरे, नियमित विद्यार्थी असावे लागते, आणि जन्मतारखेचे व प्रवेशाचे दाखले तपासले जातात. क्लबची नोंदणी वेगळी असते, ती महासंघाकडे ऑनलाइन होते. शाळा बदलली म्हणून क्लब आपोआप बदलत नाही, आणि "तुम्ही काळजी करू नका, आम्ही सगळं बघतो" असे कोणी म्हटले तर काळजी सुरू करावी. फिफाच्या नियमांत खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना पुढे मोबदला मिळण्याची तरतूद आहे आणि तो हिशेब बाराव्या वर्षापासून धरतात. म्हणून कोणत्या वर्षी मूल कुठे खेळले, याचे कागद घरच्या फाइलीत हवेत.

शेवटी सगळे बसलो. बाबा, बहीण, भावोजी, मी आणि भाचा. बाबांचे मत ठरलेले. "ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कर्णधार झाला तो कुठल्या प्रकाशझोतात शिकून?" भावोजींना वसतिगृहाची फी दिसत होती आणि ते चूक नव्हते. घरात दोन मुले शिकणारी. बहिणीला दहावीचे वर्ष दिसत होते. मी भाच्याला म्हटले, "आता तू बोल. तुला का जायचंय?"

मला वाटले तो मैदानाचे नाव घेईल. तो म्हणाला, "मामा, माझा मित्र गेल्या वर्षी तिथे गेला. तो पुढे धावायचा, मी त्याला पास द्यायचो. आता पास द्यायला कोणी नाही."

कुणालाच एकदम काही बोलता आले नाही. आम्ही महिनाभर शिड्या, शंकू आणि लायसन्सांचा हिशेब करत होतो. त्याचा प्रश्न एका मित्राचा होता. खेळात सोबत हा मोठा भाग असतो आणि तो कोणत्याच माहितीपत्रकात छापत नाहीत.

तरीही दहावीपर्यंत आहे तिथेच राहायचे ठरले. मुख्य कारण साधे होते. त्याची शाळा दहावीला संपते, अकरावीला संस्था बदलावीच लागते. वर्षभराने बदली आपोआप होणार असेल, तर बोर्डाच्या वर्षात, दुखऱ्या गुडघ्यावर, बाकावर बसण्यासाठी घर कशाला सोडायचे? पण राहायचे तर तिथली उणीव भरून काढायला हवी होती. मी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना आणि सरांना भेटलो. सरांना दुसरे काम लागेल त्या दिवशी सराव बुडू नये, म्हणून बुधवार मी घ्यायचा आणि शनिवारी एक माजी विद्यार्थी येईल, असे ठरले. सरावाआधी फिफाने खास दुखापती टाळण्यासाठी तयार केलेला वीस मिनिटांचा व्यायाम सुरू केला. त्याला सामान काही लागत नाही. घरी नियम झाला : आठवड्याला दोनच सामने, रविवार पूर्ण मोकळा, वाड्याची स्पर्धा यंदा नाही. यावर भाचा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. वाड्यातली पोरेही बोलली नाहीत.

यंदाच्या जुलैत त्याची शाळा तालुक्याच्या उपांत्य फेरीत हरली. चिखलात चेंडू अडकला आणि समोरच्या संघाने दोन गोल केले. तो पूर्ण वेळ खेळला. त्याचा मित्र तिकडे पहिल्या सामन्यात बाकावर होता, पुढच्यात शेवटची वीस मिनिटे उतरला आणि त्याने गोल केला. त्याचा गोल पाहून आमच्या घरात सगळ्यांत जास्त नाचला तो आमचाच भाचा. तेव्हा कोणाचा निर्णय बरोबर, हे मी सांगू शकत नाही. टेंगूळ अजून आहे, पण आता तो दोन्ही गुडघे टेकून बसतो.

हे वाचणाऱ्यांत बेळगाव, इंदूर, हैदराबादची मुले आणि त्यांचे आईबाबा असतील. खेळ क्रिकेट असेल, कबड्डी असेल, पोहणे असेल. बोलावणे आले तर आनंद जरूर माना, ते तुमच्या कष्टाचे आहे. मग हो म्हणण्याआधी एका साध्या दिवशी, न कळवता, त्या मैदानाच्या कडेला तासभर उभे राहा. हातात घड्याळ धरा. चेंडू किती वेळा पायाला लागतो ते मोजा, चूक झाली की प्रशिक्षक काय बोलतो ते ऐका आणि कुंपणापाशी डबा घेऊन उभ्या असलेल्या पालकांशी दोन शब्द बोला.

भाच्याची दहावी आता पाच महिन्यांवर आली आहे. अकरावीसाठी दोन ठिकाणांहून आतापासून विचारणा सुरू झाली आहे. या वेळी बहिणीने मला फोन केला नाही. भाच्याने स्वतःच गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून काढले आहेत. पहिला प्रश्न त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात असा आहे : माझ्या जागेवर सध्या कोण खेळतो आणि तो कितवीत आहे?